धाकटीची हनुवटी

आमच्या घरच्या धाकट्या महालक्ष्मीची हनुवटी वाकडी आहे. भादव्यात जेवायला आलेलं माणूस आधी नैवेद्याच्या ताटाकडं बघतं, मग साड्यांकडं, मग मुखवट्यांकडं, आणि तिथं अडतं. कुणी विचारायच्या आधीच आई सांगून टाकते, "फुटलीय. तशीच ठेवलीय." का आणि कशी, ते ती सांगत नाही. मी सांगणार आहे. मी पत्रकं लिहिणारी बाई. दुसऱ्यांच्या घरातल्या लाजिरवाण्या गोष्टी ठळक अक्षरांत छापायच्या आणि क्रांती चौकात उन्हात उभं राहून वाटायच्या, हे मी वर्षानुवर्षं केलंय. त्यात आपल्या घरातली एक निदान साध्या अक्षरांत यायला हरकत नसावी.

पण ही गोष्ट आईची नाही. माझी तर नाहीच. ती कुमुदकाकूंची आहे.

गुलमंडीच्या मागच्या गल्लीत आमची इमारत आहे. पुढं कापडाचं दुकान, दुकानाला खेटून अंधारी वाट, आणि वाटेच्या शेवटी काकूंच्या दोन खोल्या. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. आम्ही कन्नडकडचे शेतकरी मराठे, वडलांच्या नोकरीमुळं शहरात आलेलो. काकू पिढ्यान् पिढ्या शहरातल्याच, कारकुनांच्या घरातल्या. शहराला त्या शेवटपर्यंत जुन्या नावानं हाक मारायच्या आणि बोलताना मधूनच दखनी फोडणी द्यायच्या. "कायको इतकं ओरडतीस?" हे मला उद्देशून दिवसातून एकदा तरी व्हायचंच.

काकू पाटबंधारे खात्यात ट्रेसर होत्या. इंजिनिअरांनी पेन्सिलीनं काढलेले धरणांचे नकाशे पारदर्शक कागदावर शाईनं गिरवायचे, हे त्यांचं काम. कॉम्प्युटर आले, ते काम गेलं, आणि साहेबांनी काकूंना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. हा अपमान त्या कधी विसरल्या नाहीत. मराठवाड्यातल्या कुठल्याही धरणात पाणी कमी असल्याची बातमी लागली की म्हणायच्या, "नकाशे आता मशीन काढतंय ना, मग भोगा." उंच, किंचित वाकलेल्या, चष्मा कपाळावर सरकवलेला, आणि जीभ अशी की भाजीवाला त्यांच्याशी घासाघीस करण्याऐवजी सरळ दोन भेंड्या जास्त टाकायचा. गरीब बिचाऱ्या विधवा वगैरे प्रकारात त्या कुठूनच बसत नव्हत्या. मी त्यांना एकदा आमच्या शिबिराला 'अनुभव सांगायला' बोलावलं होतं. त्या म्हणाल्या, "मला अनुभव नाहीत, मतं आहेत. चालतील का?" आमच्या संयोजकांना चालली नाहीत.

रिटायर झाल्यावर त्यांनी फुटक्या वस्तू जोडायला घेतल्या. सुरुवात लोणच्याच्या बरण्यांपासून झाली, मग कुणाच्या आजोबांचं चिनी मातीचं हात धुवायचं तस्त, कुणाच्या लग्नातली काचेची हंडी, आणि मग हळूहळू मुखवटे. आमच्याकडं महालक्ष्म्या म्हणजे घरची सर्वांत नाजूक चीज. वर्षभर गव्हाच्या डब्यात नाहीतर कापसात पुरून माळ्यावर ठेवायची, आणि काढताना नेमकं नाक नाहीतर कान उडायचा. शास्त्रानं भंगलेली मूर्ती पुजत नाहीत, पाण्यात सोडतात. पण आजेसासूच्या हातचा मुखवटा पाण्यात सोडवत नाही. अशा अडलेल्या बायका श्रावण लागला की पदराखाली काहीतरी झाकून काकूंच्या अंधाऱ्या वाटेनं आत शिरायच्या.

त्यातल्या बहुतेकींच्या तोंडून 'फुटली' हा शब्द निघायचा नाही. बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझत नाही, शांत होतो. तशी महालक्ष्मीही वाढते. "काकू, आमची थोरली वाढली हो," असं म्हणत एक बाई डोळे पुसत होती. काकू चष्मा खाली ओढून म्हणाल्या, "वाढली? किती? दारातून आत मावेल ना?" ती बाई रडता रडता हसली. मग काकूंनी तिला खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "फुटली म्हण. तू फुटली म्हटल्याशिवाय मी कुठं हात लावू? न फुटलेलं मला जोडता येत नाही." आणि ती 'फुटली' म्हणेपर्यंत त्यांनी खरंच पदर उघडू दिला नाही.

स्वतःच्या नवऱ्याबद्दलही तोच कायदा. ते ऐन चाळिशीत ऑफिसच्या जिन्यात गेले. कुणी "तुमचं सौभाग्य हरपलं तेव्हा" असं सुरू केलं की काकू मधेच तोडायच्या, "हरपलं नाही. सापडत नाही असं झालं नाही. मेला."

टेबलाच्या मागं लाकडी फळी होती. तिच्यावर आलेले मुखवटे ओळीनं, भिंतीकडं तोंड करून. पुरं झालं की मुखवटा वळायचा. लहान पोरांनी डोकावलं तर हाकलायच्या, "तिला नाक नाही आत्ता. तुला नाक नसतं तर तू लोकांसमोर बसला असतास का?" चिरेत भरायला त्या कागदाचा लगदा करायच्या, आणि कागद कुठला, तर माझी उरलेली पत्रकं. विधवांच्या बांगड्या फोडू नका, कुंकू पुसू नका, असं त्यांवर मी पोटतिडकीनं लिहिलेलं. ते काकू रात्रभर पाण्यात भिजत घालायच्या आणि मला सांगायच्या, "तुझी पत्रकं छान भिजतात गं पुढारीणबाई. शाईसुद्धा फारशी सुटत नाही. उद्गारचिन्हं तेवढी वर तरंगतात." तेव्हा मला राग यायचा. आता विचार करते तर शहरातल्या अर्ध्या महालक्ष्म्यांच्या नाकाडोळ्यांत माझे ठराव भरलेले आहेत आणि बाहेरून कुणाला काही दिसत नाही.

त्या जोड लपवायच्या नाहीत. बीड बायपासकडच्या नव्या फ्लॅटमधलं एक तरुण जोडपं आलं होतं. मुखवट्याचा गाल फुटलेला. फोटोत अजिबात दिसता कामा नये, असं त्या पोरीचं म्हणणं. काकूंनी गाल असा जोडला की हात फिरवला तर कळू नये, पण रंग देताना जोडावर केसाएवढी रेघ तशीच ठेवली. पोरगी हिरमुसली. काकू म्हणाल्या, "पुढच्या वेळी डब्यातून काढताना हिला कुठं धरायचं नाही, हे तुझ्या सुनेला कसं कळणार? फोटोवरून?" पोरीचं अजून मूलसुद्धा नव्हतं. ती लाजली आणि मुखवटा घेऊन गेली.

आणखी एक गोष्ट त्या ठेवायच्या, ती म्हणजे कपाळ. भुवया, डोळे, ओठ, तीट, सगळं रंगवायच्या. फक्त कुंकवाची जागा कोरी. प्रत्येक मुखवटा त्यांच्या हातून पांढऱ्या कपाळानंच बाहेर पडायचा आणि घरची सवाष्ण त्यावर कुंकू लावायची. मी विचारलं होतं, पत्रकातल्या भाषेतच. त्या ब्रश धूत होत्या. म्हणाल्या, "ते माझं काम नाही." एरवी एका प्रश्नाला तीन टोमणे देणारी बाई एवढंच म्हणाली, म्हणून लक्षात राहिलं.

त्यांच्या स्वतःच्या घरच्या महालक्ष्म्या नवरा गेल्याच्या पहिल्याच श्रावणात दिरानं पेटीसकट पुण्याला नेल्या होत्या. कुणी भांडलं नाही, कुणी काही बोललं नाही, रीतच तशी. पुढं एका वर्षी त्या पेटीतल्या थोरलीचा कान उडाला. जावेनं कुणाबरोबर तरी मुखवटा पाठवला, जोडून द्या म्हणून. चहा द्यायला मी खाली गेले तेव्हा तो टेबलावर होता. काम व्हायच्या आधी भिंतीकडं तोंड न करता ठेवलेला एवढा एकच मुखवटा मी पाहिला. तो काकूंकडं तोंड करून होता. काम झाल्यावरही पुष्कळ दिवस तो तिथंच होता. मग गेला. कपाळ कोरंच.

महालक्ष्म्यांचे तीन दिवस काकू घरी नसायच्या. आवाहनाच्या सकाळी दाराला कुलूप लागायचं. कन्नडला बहिणीकडं जाते, असं सांगून त्या खांद्याला पिशवी लावून निघायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी इमारतीत मजल्यामजल्यावर पुरणाचा वास असतो. सगळ्या घरांत काकूंनी जोडलेलं काही ना काही उभं असतं. आणि काकू कन्नडला. आई म्हणायची, "असत्या तर बोलावलंच असतं, पण त्यास्नी बहिणीची लई माया."

मी त्या दिवसांत घरी थांबत नसे. देवदेव मला पटत नाही, आणि आमच्या मोहिमेच्या ग्रामसभा त्याच सुमारास लावलेल्या असत. एका वर्षी कन्नड तालुक्यातल्या एका गावात ठराव झाला होता, की इथून पुढं गावातल्या एकाही विधवेला हळदीकुंकवातून वगळणार नाही. टाळ्या पडल्या, फोटो झाले. मी दुपारच्या एसटीनं परत आले. मध्यवर्ती बस स्थानकावर उतरले तर कन्नडच्या गाड्या लागतात तिथल्या बाकावर कुमुदकाकू बसलेल्या. मांडीवर पिशवी, पिशवीवर डबा. समोर कन्नडची गाडी लागली, कंडक्टर ओरडला, माणसं चढली, गाडी गेली. काकू बसूनच.

मी जाऊन शेजारी बसले. त्या मला बघून दचकल्या नाहीत.

"बस चुकली," म्हणाल्या.

"काकू, तुमच्या डोळ्यांसमोरून गेली."

त्यांनी डबा उघडून दशमी माझ्या हातावर ठेवली. मी विचारलं, बहीण कशी आहे. त्या म्हणाल्या, बहीण बरीच वर्षं झाली गेली, कन्नडला आता त्यांचं कुणी नाही. इतक्या सहज म्हणाल्या, की जणू मीच काहीतरी विसरले होते. मग त्यांनी सांगितलं, की इथं बसायला बरं असतं, पंखा आहे, पाणी आहे, आणि पिशवी घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या बाईला इथं कुणी काही विचारत नाही.

माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, आज घरी जाऊन आईला विचारतेच.

"विचारू नको. तू विचारलंस तर तिला हो म्हणावं लागेल. मग मी येईन, आणि पूजा होईतोवर ती माझ्या हाताकडं बघत राहील. मला नको ते बघणं."

मी आईला विचारलं नाही, पण सांगितलं मात्र, की काकू स्टँडवर बसलेल्या असतात. आई पुरणाचं पातेलं घासत होती. तिनं मान वर केली नाही. "मला म्हायती हाय," म्हणाली. वडलांनाही माहीत होतं. त्यांनी काकूंना दोनदा तिथं बसलेलं पाहिलं होतं. पहिल्या मजल्यावरच्या जाधवकाकूंनाही माहीत होतं. अख्ख्या इमारतीला माहीत होतं. बोलवायचं की नाही, हा प्रश्न आमच्या दारात उभाच राहू नये, म्हणून ती बाई दर वर्षी स्वतःला उचलून स्टँडवर नेऊन ठेवत होती. आणि आम्ही सगळे तिच्या बहिणीच्या मायेचं कौतुक करत पुरणपोळ्या खात होतो. मी गावोगाव ठराव मांडत फिरत होते, आणि माझ्या घराचा ठराव न मांडता, न वाचता, कधीच पास झालेला होता.

पुढच्या वर्षी मी घरी थांबले. का थांबले, ते आईला सांगितलं नाही. ताट वाजवायला कुणीतरी हवं, एवढंच म्हणाले. आवाहनाच्या सकाळी आई मुखवटे पुसून नथी अडकवत होती. धाकटीच्या नथीची तार घट्ट करायला गेली आणि मुखवटा हातातून सुटला. आवाज फार झाला नाही. हनुवटी निघून फरशीवर पडली होती, आणि आतल्या बाजूला जुन्या चिरेत भरलेला कागद दिसत होता. छापील.

आई तिथंच बसली. मग म्हणाली, "फुटली." दोन्ही तुकडे पदरात घेऊन ती अनवाणी जिना उतरली. मी मागं. काकू कुलूप लावत होत्या, खांद्याला पिशवी. आईचा पदर बघितला आणि काही न विचारता कुलूप पुन्हा काढलं.

जोड बसवायला वेळ लागला नाही. दोन नळ्यांतला लेप त्यांनी कालवला, हनुवटी बसवली, खालून तळहात लावून धरली आणि म्हणाल्या, आता हे असंच धरून ठेवायचं, सुकेपर्यंत. दोरी बांधली तर सरकेल, हातच पाहिजे. आई म्हणाली, अनुराधा नक्षत्र जातंय काकू, वर बायका खोळंबल्यात.

काकूंनी लेपाच्या नळ्या कोपरानं बाजूला सारल्या. मग उठल्या. "चल. मी धरते."

आमच्यात महालक्ष्म्या दारातून वाजतगाजत आत आणतात, आणि ज्या आणतात त्या सवाष्णी असतात. हे तिथं असलेल्या प्रत्येकीला ठाऊक होतं आणि जिना चढताना कुणीच त्याचं नाव काढत नव्हतं. पुढं मी ताट वाजवत, मग आई, मग थोरलीला घेऊन खाली आलेल्या जाधवकाकू, आणि शेवटी धाकटीला दोन्ही हातांत धरून कुमुदकाकू. त्यांनी डोक्यावर पदर घेतला होता, जो त्या कधी घेत नसत. एकेका पायरीवर थांबत होत्या. मी वळून बघितलं तर त्यांचे ओठ हलत होते. मंत्र असेल असं वाटलं. कान दिला तर त्या धाकटीला सांगत होत्या, "धर गं, धर. पोचलोच. सोडू नको." आणि त्या बाईचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता. टोमणा नाही, मत नाही, काही नाही. नवी नवरी माप ओलांडायला येते तसा.

उंबऱ्यापाशी आईनं पायावर दूध-पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळला. थोरली आत गेली. मग जाधवकाकू वळल्या आणि अगदी मायेनं, अगदी हळू आवाजात आईला म्हणाल्या, "ताई, इथनं तुम्ही घ्या ना हातात."

ताट थांबलं. म्हणजे मीच थांबवलं. आणि मग मी बोलले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण भाषण होतं. समता होती त्यात, ग्रामसभा होती, 'या इमारतीतल्या प्रत्येक घराला' असं काहीतरी होतं. खालच्या जिन्यातल्या बायका माना वर करून ऐकायला लागल्या. सगळ्यांचे डोळे धाकटीवरून काकूंच्या हातांवर गेले. तेच बघणं, जे त्यांना नको होतं.

"जयू, गप," काकू म्हणाल्या. "मी तुझ्या पत्रकातली बाई नाही."

मग त्यांनी आईकडं बघितलं. "सुमन, तू सांग. येऊ का?"

इतक्या वर्षांत त्या बाईनं आमच्याकडं मागितलेली ही एकच गोष्ट. तीही आपण होऊन नाही, धाकटीची हनुवटी हातात होती म्हणून. माझी आई वाईट बाई नाही. काकूंना ताप आला की रात्र रात्र उशाशी बसलेली बाई आहे ती. तिचे डोळे भरले होते. ती एकदा जाधवकाकूंकडं बघत होती, एकदा आत मांडलेल्या मखराकडं, आणि मखराच्या वर भिंतीवर लावलेल्या तिच्या सासूच्या फोटोकडं. तिनं फक्त दोन्ही हात पुढं केले. घ्यायला.

काकूंनी धाकटी तिच्या हातात दिली. "खालून धर," म्हणाल्या, "रेघ आहे तिथं."

आईनं धाकटी छातीशी धरली. ती वळली, उंबरा ओलांडला, आणि ओलांडताना हनुवटी सरकली. पडली नाही. तांदळाच्या दाण्याएवढी डावीकडं गेली. काकूंना ते दिसलं. त्यांचा हात आपोआप पुढं आला, नीट करायला. पण धाकटी तोवर आत होती आणि हात बाहेर होता. तो तसाच उंबऱ्याच्या अलीकडं हवेत राहिला, तळवा वर, काहीतरी खालून धरल्यासारखा. मग त्यांनी तो पदराला पुसला आणि जिना उतरल्या. थोड्या वेळानं खाली कुलूप लागल्याचा आवाज आला.

त्या दिवशी आमच्याकडं पुष्कळ माणसं जेवली. स्वयंपाक चांगला झाला होता असं सगळे म्हणाले. मला कुठल्याच घासाची चव आठवत नाही.

विसर्जन झाल्यावर काकूच वर आल्या, दारात उभ्या राहून आईला म्हणाल्या, आण ती खाली, लेप उकलून नीट बसवते. आवाज नेहमीचा होता. आई म्हणाली, "राहू द्या काकू."

"अगं, वाकडी दिसती."

"दिसू द्या," आई म्हणाली. "माझ्या हातानं झालीय. दिसू द्या."

हाती घेतलेलं काम अर्धवट सोडणं काकूंना जमायचं नाही. एका बरणीच्या झाकणासाठी त्यांनी एका बाईला तीन वेळा परत बोलावलं होतं. पण त्या आईकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बरं." पुन्हा कधी तो विषय काढला नाही. रोजचं येणं-जाणं, चहा, टोमणे, सगळं तसंच चालू राहिलं. माझी पत्रकं भिजत राहिली. मी मात्र उद्गारचिन्हं कमी केली.

काकू आता नाहीत. त्यांच्या शेवटच्या भादव्यानंतर दिवाळीत न्हाणीत पडल्या, भाचीनं नागपूरला नेलं, आणि तिथंच गेल्या. फोनवर भाची म्हणाली, मावशी देवाघरी गेली. आईनं फोन ठेवून मला सांगितलं, "काकू मेल्या." काकूंना हेच चाललं असतं.

त्या शेवटच्या भादव्यात आई आवाहनाच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडं गेली होती. कुंकवाचा करंडा आणि अक्षता घेऊन, रीतसर, जसं सवाष्णीला बोलावतात तसं. धाकटीला तुम्हीच आत आणायचं, म्हणाली. काकूंनी अक्षता घेतल्या. "बघू," म्हणाल्या. सकाळी दाराला कुलूप होतं.

आई थांबली नाही. वर सगळं मांडलेलं तसंच टाकून, हिरवं नऊवारी, नाकात नथ, अशी ती माझ्या स्कूटीवर मागं बसली आणि म्हणाली, "स्टँडवर चल." गुलमंडीतल्या गर्दीतनं मी गाडी कशी काढली मला माहीत नाही. स्टँडवर ती माझ्या आधी उतरली आणि नेसूचं सावरत चालायला लागली. माणसं वळून बघत होती. कन्नडच्या फलाटावर त्याच बाकावर काकू होत्या, पिशवी मांडीवर. त्यांनी आम्हाला लांबूनच पाहिलं. आईची नथ पाहिली, हातातला करंडा पाहिला, वळलेल्या माना पाहिल्या.

आणि त्या उठल्या. समोर कन्नडची गाडी निघायच्या बेतात होती. जिच्यात त्या इतकी वर्षं कधी चढल्या नव्हत्या, तिच्यात त्या चढल्या. जिथं त्यांचं कुणी नव्हतं, तिथली गाडी. आम्ही पोचेस्तोवर दार लागलं होतं.

त्या खिडकीशी बसल्या होत्या. रागावलेल्या दिसत नव्हत्या. आई खिडकीखाली जाऊन उभी राहिली, करंडा वर धरून, काही बोलायला तोंड उघडलं, पण इंजिनाच्या घरघरीत काही ऐकू जाईना. काकूंनी मान हलवली. मग तळहात स्वतःच्या हनुवटीखाली लावला, जोड सुकेपर्यंत धरायच्या तसा, आणि भुवया उंचावून विचारलं.

आईनंही हात आपल्या हनुवटीला लावला. "तशीच हाय," ती म्हणाली.

गाडी हलली. वळणावर दिसेनाशी होईपर्यंत खिडकीत तो हात तसाच होता.